खडकातल्या चुंबकत्वावरून खनिजाचं वय: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नागपुरात खनिजांबद्दल विचारणाऱ्यांची कमी नाही. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथंच, मॉयल या मँगनीज खाणकंपनीचंही इथंच आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. भूशास्त्राचे विद्यार्थी, खाणीतले सर्वेअर आणि नुसते हौशी लोक जे प्रश्न परत परत विचारतात, ते इथं उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण मामला तिथंच गुंतागुंतीचा आहे.

दगडात चुंबकत्व येतं कुठून?

दगडातल्या लोहयुक्त खनिजांच्या बारीक कणांतून. मॅग्नेटाइट, हेमॅटाइट आणि पायऱ्होटाइट ही त्यातली मुख्य. बहुतेक खडकांत हे कण अगदी थोडे असतात, पण संवेदनशील यंत्राला तेवढे पुरतात.

प्रत्येक खनिजाचं एक क्युरी तापमान असतं. मॅग्नेटाइटचं सुमारे ५८० अंश सेल्सिअस, हेमॅटाइटचं साधारण ६७५ ते ६८०, पायऱ्होटाइटचं ३२० च्या आसपास. त्याच्या वर कण चुंबक म्हणून वागत नाही. लाव्हा हजार अंशांच्या वर असतो. तो गोठून घट्ट दगड झाला तरी त्यात अजून चुंबकत्व नसतं. आणखी थंड होऊन क्युरी तापमानाच्या खाली आला, की त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा कणांत कायम होते.

ही झाली निवण्याची वाट. गाळ पाण्यात हळूहळू खाली बसताना त्यातले कण क्षेत्राच्या दिशेनं वळतात, ही दुसरी. धातूंच्या साठ्यांसाठी मात्र तिसरी वाट सगळ्यात कामाची. गरम, खारट, धातू विरघळलेलं पाणी खडकाच्या भेगांतून फिरतं आणि जाता जाता मॅग्नेटाइटचे किंवा पायऱ्होटाइटचे नवे स्फटिक वाढवतं. स्फटिक अगदी लहान असतो तोवर त्याची दिशा टिकत नाही. ठरावीक आकार ओलांडला की टिकते. म्हणजे खडक जुना असला तरी हे चुंबकत्व त्या पाण्याच्या काळाचं असतं.

मग वय निघतं कसं? दिशेवर तारीख थोडीच लिहिलेली असते!

नसते. वय दोन पायऱ्यांत निघतं. चुंबकीय क्षेत्राची रेषा आडव्या पातळीशी जो कोन करते त्याला नती म्हणतात. हजारो वर्षांची सरासरी घेतली, तर पृथ्वीचं क्षेत्र तिच्या अक्षाला धरून ठेवलेल्या एका पट्टीचुंबकासारखं धरता येतं. तेव्हा नतीची स्पर्शज्या (टॅन) अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट येते. नागपूरचा अक्षांश २१.१५ अंश उत्तर. सूत्रात घातला की नती ३७.७ अंश मिळते. आज यंत्रानं मोजाल तर त्याहून कमी येईल. क्षेत्र सतत थोडं इकडेतिकडे सरकत असतं, म्हणून सरासरीची अट.

आता दख्खनच्या बेसॉल्टकडे बघा. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, गिट्टीखदान हे सगळं त्याच लाव्ह्याचं, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. दख्खन पठारावरच्या अनेक थरांत चुंबकत्वाची दिशा दक्षिण-आग्नेयेकडे आणि ४५ ते ५० अंश खाली झुकलेली सापडते. ती आजच्या नागपूरशी अजिबात जुळत नाही. कारण त्या वेळी पृथ्वीचं क्षेत्र उलटं होतं आणि भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. दख्खनच्या थरांवरून काढलेल्या ध्रुवाच्या जागेवरून (म्हणजे त्या काळी भारतातून पाहता ध्रुव जिथं होता त्या जागेवरून) हिशेब मांडला, तर तेव्हा नागपूर साधारण २८ अंश दक्षिणेला येतं. तिथून आजच्या जागेपर्यंत ४९ अंश म्हणजे ५,४०० किलोमीटरचा प्रवास, सरासरी वर्षाला ८ सेंटीमीटर.

या प्रवासाचा नकाशा, म्हणजे काळानुसार बदलत गेलेल्या ध्रुवाच्या जागांचा मार्ग, वेगवेगळ्या वयाच्या खडकांवरून बांधलेला आहे. त्यातल्या खडकांची वयं इतर पद्धतींनी नक्की केलेली असतात. तुमच्या खनिजातल्या दिशेवरून ध्रुवाची जागा काढायची, ती त्या मार्गावर कुठं बसते ते पाहायचं आणि तिथलं वय वाचायचं. एका वाक्यात पद्धत एवढीच. पुढची सगळी डोकेदुखी त्या वाक्यातल्या ‘खनिजातल्या दिशेवरून’ या शब्दांत आहे.

ध्रुव उलटतात ते याच्या उपयोगाचं आहे का?

हो, पण जोडधंद्यासारखं. फ्रान्समध्ये बर्नार ब्रून यांनी १९०६ मध्ये उलट चुंबकत्वाचे खडक दाखवले. जपानमध्ये मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये अशा उलट्या काळाचा वयाशी संबंध जोडला. शेवटचा उलटफेर सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वीचा. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग ज्या उलट्या काळात बाहेर पडला, तो जेमतेम ७ लाख वर्षांचा होता. खनिजात नुसतं ‘उलटं’ आढळलं म्हणून वय ठरत नाही, कारण असे काळ असंख्य आहेत. पण वय आधी अंदाजे माहीत असेल तर उलटं-सुलटं पाहून ते आणखी घट्ट पकडता येतं.

किती अचूक असतं? ‘अमुक कोटी, कमीजास्त अमुक’ असं सांगता येतं का?

सांगता येतं, पण अचूकता प्रयोगशाळेपेक्षा खंडाच्या वेगावर जास्त अवलंबून असते. हे फार थोडे लोक लक्षात घेतात.

समजा ध्रुवाच्या जागेत ५ अंशांची चूक आहे. चांगल्या कामातही एवढी असते. भारत आशियाला भिडण्याआधी, साधारण ६.७ ते ५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, वर्षाला १५ सेंटीमीटर किंवा त्याहून वेगानं सरकत होता. म्हणजे दहा लाख वर्षांत सव्वा अंशाहून जास्त. त्या काळातल्या खनिजासाठी ५ अंशांची चूक म्हणजे साधारण ४० लाख वर्षांची चूक. टक्कर झाल्यावर वेग पडला. वर्षाला ५ सेंटीमीटर धरला तर तीच चूक एक कोटी वर्षांच्या वर जाते. खंड जवळजवळ थांबलेला असेल, तर वय काढायच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

प्राचीन काळासाठी, म्हणजे शंभर-दीडशे कोटी वर्षांमागं, अडचण आणखी वेगळी. मार्गच अर्धवट माहीत आहे आणि तो कधीकधी स्वतःलाच छेदतो. एका ध्रुवाला दोन वयं निघतात. मग भूशास्त्राच्या बाकीच्या पुराव्यांवरून एक निवडावं लागतं.

शिसं आणि जस्ताची खनिजं चुंबकीय नसतात. त्यांचं काय?

शिशाचं गॅलेना आणि जस्ताचं स्फॅलेराइट स्वतः काहीच साठवत नाहीत, हे बरोबर. पण ज्या पाण्यानं ती आणली त्यानंच आजूबाजूच्या डोलोमाइट या चुनखडकासारख्या खडकामध्ये किंवा थेट खनिजाच्या आत मॅग्नेटाइटचे, पायऱ्होटाइटचे सूक्ष्म कण सोडलेले असतात. मोजतात ते त्यांचं चुंबकत्व.

उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याच्या प्रकारच्या शिसं-जस्त साठ्यांमुळं ही पद्धत नावारूपाला आली. मिसुरीतल्या साठ्यांभोवतीचा चुनखडक कॅम्ब्रियन, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांचा. चुंबकत्वानं सांगितलं की खनिज पुराजीव कल्पाच्या शेवटाकडचं आहे, म्हणजे खडकाहून जवळपास २० कोटी वर्षांनी तरुण. त्याच सुमारास दक्षिणेला वॉशिटा पर्वत उभे राहत होते. पर्वतांच्या दाबानं खारं पाणी शेकडो किलोमीटर ढकललं गेलं, ही कल्पना त्यामुळं पक्की होत गेली. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठाचे डेव्हिड सायमन्स यांनी हे काम अनेक खाणींत नेलं.

सगळीकडं गाडी अशी सुरळीत नाही गेली. कॅनडातल्याच पाइन पॉइंटच्या साठ्याला चुंबकत्वानं सुमारे ७ कोटी वर्षांचं ठरवलं, तर स्फॅलेराइटमधल्या रुबिडियम-स्ट्रॉन्शियमच्या किरणोत्सारी पद्धतीनं सुमारे ३६ कोटी वर्षांचं. फरक २९ कोटींचा! माझं मत विचाराल तर असा वाद ही पद्धतीची नामुष्की नाही. दोन घड्याळं कदाचित दोन वेगळ्या घटना मोजत असतील: एक जस्त बसण्याची, दुसरी नंतर पुन्हा आलेल्या गरम पाण्याची.

मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरीच्या मँगनीजला हे लागू पडतं का?

सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. मनासारखं उत्तर नाही: लागू पडतं, पण तुम्हाला हवं असलेलं वय त्यातून निघत नाही.

नागपूर, भंडारा आणि बालाघाटमधलं मँगनीज सौसर गटाच्या खडकांत आहे. मुळात ते समुद्रतळावर गाळ म्हणून साचलं. नंतर ते खोल गाडलं गेलं, वळ्या पडल्या आणि ६०० अंशांच्या घरातल्या उष्णतेत सगळं नव्यानं स्फटिकलं. गाळातल्या मँगनीज आणि वाळूमातीतून गोंडाइट हा गार्नेट-क्वार्ट्झचा खडक तयार झाला. एवढी उष्णता मॅग्नेटाइटच्या क्युरी तापमानाच्या वरची आहे. म्हणजे गाळ साचताना जे काही कोरलं गेलं असेल ते पुसलं गेलं. उरलं ते प्रदेश पुन्हा थंड होतानाचं. सौसर पट्ट्यातली ती उलथापालथ साधारण १०० कोटी वर्षांच्या आसपासची मानतात. चुंबकत्व वाचलं, तर तिच्यानंतरचं निवणं वाचायला मिळेल. मँगनीज कधी साचलं ते नाही.

दुसरी अडचण खनिजाची. इथलं मुख्य मँगनीज-खनिज ब्रॉनाइट नेहमीच्या तापमानाला लोहचुंबकाला चिकटतच नाही. पण बेलडोंगरीच्या दगडात गंमत आहे. भूवैज्ञानिक एल. एल. फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून व्रेडेनबर्गाइट नावाचं खनिज वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं की तो एक पदार्थ नाही. हॉसमनाइट आणि जॅकोबसाइट यांच्या बारीक पट्ट्या त्यात एकमेकांत विणलेल्या असतात. जॅकोबसाइट हे मँगनीज-लोहाचं ऑक्साइड चांगलं चुंबकीय आहे आणि त्याचं क्युरी तापमान ३०० अंशांच्या आसपास. काळाभोर, जड तुकडा हातात घेऊन साध्या लोहचुंबकाजवळ नेला की टक्कन चिकटतो. शेजारचाच ब्रॉनाइटचा तुकडा ढिम्म.

शिवाय खाणीच्या वरच्या भागात पावसापाण्यानं तयार झालेलं पायरोलुसाइट, क्रिप्टोमेलेन असं मँगनीज-खनिज असतं. ते त्याहून कितीतरी तरुण. क्रिप्टोमेलेनमधल्या पोटॅशियमवर आर्गॉनची किरणोत्सारी पद्धत चालते, आणि मी तरी तिथं तीच वापरा असं सांगेन. एकाच खाणीत अशी तीन वयं एकमेकांवर बसलेली असतात. ‘मनसरचं वय किती’ असं विचारणाऱ्याला आधी ‘कशाचं वय?’ असा उलटा प्रश्न करावा लागतो तो यामुळं.

कुही-भिवापूरकडच्या टंगस्टन, जस्त, तांब्याचं?

आगरगाव-खोबना भागातलं टंगस्टन, कोलारी-भानोरीचं जस्त, पुलर-परसोरीचं तांबं. हे साकोली पट्ट्यातलं, तेही वळ्या पडलेलं आणि तापलेलं. पायऱ्होटाइट असेल तिथं दिशा मिळू शकते, पण ती बहुधा शेवटच्या तापण्याची. इथं थेट खनिजावर चालणारी किरणोत्सारी पद्धत जास्त भरवशाची. शेजारच्या बालाघाटमधलं मलांजखंड पाहा: तिथं तांब्यासोबत मॉलिब्डेनाइट सापडतं आणि त्यातल्या रेनियम-ऑस्मियमच्या किरणोत्सारी पद्धतीनं सुमारे २४९ कोटी वर्षं असं वय दिलं. इतक्या जुन्या काळात चुंबकत्वाच्या मार्गावर तेवढी बारीक नोंद कुठून आणणार?

जांभा आणि बॉक्साइटवर चालतं असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि भारतात ही पद्धत सगळ्यात शोभून दिसते ती इथंच. लाव्हा कुजून जांभा होताना नवं हेमॅटाइट वाढतं आणि ते वाढण्याच्या काळाची दिशा धरून ठेवतं. नंतर ना फार उष्णता, ना वळ्या. अशात दिशा बिघडायचं कारण कमी. शिवाय दख्खनवरचा जांभा ६.६ कोटी वर्षांहून जुना असूच शकत नाही, ही एक सीमा आयतीच मिळते. १९८३ मध्ये भारतातल्या काही जांभ्यांवर असा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंच पठारांवरचा जांभा जुना आणि किनाऱ्याकडचा, खालच्या पातळीवरचा तरुण, असं चित्र त्यातून पुढं आलं. भारत त्या काळात झपाट्यानं उत्तरेला येत होता, म्हणून वयही बऱ्यापैकी वेगळं करता येतं.

सर, नमुना कसा काढतात? हातोड्यानं फोडून चालेल का?

दिशा नोंदल्याशिवाय फोडलेला तुकडा या कामासाठी फुकट. हिऱ्याच्या दातांची पोकळ नळी बसवलेलं छोटं पेट्रोल-ड्रिल, त्यावर पाण्याचा फवारा. सुमारे अडीच सेंटीमीटर व्यासाची कांडी खडकात तशीच उभी ठेवायची. ती तोडण्याआधी तिच्यावर नळी बसवून कांडीचा कल आणि दिशा मोजायची, पितळेच्या तारेनं कांडीवर रेघ ओढायची आणि मग अलगद सुटी करायची. बेसॉल्टसारखा खडक होकायंत्रालाच ओढतो, म्हणून दिशा सूर्यावरूनही घ्यायची: तबकडीवर पडलेली सावली आणि घड्याळातली नेमकी वेळ टिपायची. नागपूरच्या उन्हात सावलीची कमतरता कधीच नसते, पाण्याची असते. मेमध्ये पाण्याचा कॅन उचलायला एक माणूस जास्तीचा न्या.

एका ठिकाणाहून सहा-आठ कांड्या, आणि अशी ठिकाणं अनेक. टेकडीच्या अगदी माथ्यावरचा दगड टाळा. वीज पडली की त्या दगडाचं चुंबकत्व पार बदलतं, आणि विदर्भात वळवाच्या विजा काही कमी पडत नाहीत.

प्रयोगशाळेत काय करतात?

कांडी सव्वादोन सेंटीमीटरच्या तुकड्यांत कापतात आणि चुंबकमापीत तिची दिशा मोजतात. हे पहिलं मोजमाप फारसं विश्वासाचं नसतं, कारण आजच्या क्षेत्राचा थर त्यावर बसलेला असतो. म्हणून तुकडा क्षेत्र जवळजवळ शून्य केलेल्या भट्टीत १०० अंशांपर्यंत तापवून थंड करतात आणि मोजतात. मग १५०, २००, असं चढत जातात. कांद्याच्या पापुद्र्यासारखे एकेक थर निघतात. १२० अंशांच्या आसपास गोथाइट हे लोहखनिज गेलं, ३२० ला पायऱ्होटाइट, ५८० ला मॅग्नेटाइट. ज्या टप्प्यावर दिशा सरळ रेषेत शून्याकडं जाते, ती कामाची. उष्णतेऐवजी उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रानंही हे करता येतं.

आजूबाजूची वीज हा जुना शत्रू आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवावी लागली. मेट्रोच्या मार्गाशेजारी कोणी नवी प्रयोगशाळा काढणार असेल तर ही गोष्ट आठवावी.

सापडलेली दिशा खनिजाच्याच काळाची, याची खात्री काय?

याचं उत्तर देता आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ. तपासण्या सगळ्या प्रत्यक्ष जागेवरच्या खडकांवर करायच्या आहेत. १९४९ मध्ये जॉन ग्रॅहम यांनी वळीची कसोटी मांडली: वळीच्या दोन बाजूंच्या दिशा थर सपाट केल्यावर जुळल्या, तर चुंबकत्व वळी पडण्याआधीचं, सपाट न करताच जुळल्या, तर नंतरचं. दुसरी कसोटी भाजलेल्या सीमेची. लाव्ह्याची भिंत खडक छेदून गेली असेल, तर तिच्या लगतचा भाजलेला पट्टा आणि दूरचा थंड राहिलेला खडक वेगवेगळी दिशा दाखवायला हवेत. तिसरी, गोट्यांच्या खडकाची: गोट्यांतल्या दिशा अस्ताव्यस्त असतील तर त्या गोटे घडण्याआधीच्या.

विखुरलेल्या दिशांची सरासरी आणि तिचा विश्वासपट्टा काढण्याचं गणित आर. ए. फिशर यांनी १९५३ मध्ये दिलं. आजही तेच वापरतात.

या कसोट्यांशिवायचं ‘वय’ मी निदान विश्वासानं वापरणार नाही, आकडा कितीही सुंदर असो.

कंपनीच्या बोअरहोलचा कोअर, म्हणजे खडकाची लांब कांडी, आमच्याकडं पडून आहे. तो चालेल?

बहुतेक कोअर फिरत वर येतो, त्यामुळं उत्तर कुठं होतं ते कळत नाही. बोअर उभं असेल तर नती तरी हाती लागते, दिक्पात (उत्तरेपासूनचा आडवा कोन) नाही. नतीवरून अक्षांश मिळतो; उत्तर गोलार्ध की दक्षिण, हे ध्रुव उलटा होता का ते कळल्याशिवाय ठरत नाही. आजच्या क्षेत्राचा वरचा थर ओळखून कोअर पुन्हा दिशेला लावायची युक्ती आहे, पण ती प्रत्येक वेळी साधत नाही. पुढचं ड्रिलिंग करताना दिशादर्शक कोअर घेण्याचा खर्च करणार असाल, तर आधीच ठरवा. नंतर पश्चात्तापाला अर्थ नाही.

खाण कंपनीला याचा फायदा काय?

खनिज कोणत्या घटनेनं आणलं हे कळलं की त्या घटनेच्या खुणा दुसरीकडं शोधता येतात. खडक जुना पण खनिज पर्वतनिर्मितीच्या वेळचं, तर शोध थरांपेक्षा पाण्याच्या वाटांचा करायचा: भेगा, भ्रंश, सच्छिद्र डोलोमाइट. ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सलीतही असंच: पट्टेदार लोहखडक सुमारे २५० कोटी वर्षांचा, पण त्यातली श्रीमंत हेमॅटाइट खनिजं नंतर, खडक बदलून तयार झाली.

विमानातून किंवा पायी करतात ते चुंबकीय सर्वेक्षण म्हणजे हेच का?

नाही. ते आत्ता जमिनीखाली चुंबकीय वस्तू कुठं आहे ते शोधतं. पण दोघांचा एक सांधा आहे: खडकातलं जुनं चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर नकाशावर चढाऐवजी खड्डा दिसतो. काटोल-कळमेश्वरच्या बाजूला बेसॉल्टखाली काय आहे ते शोधताना या खड्ड्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

मोजमाप कुठं होतं?

पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत पुराचुंबकत्वाचं काम होतं. नमुने नेण्याआधी तिथल्या संशोधकांशी बोलून ठिकाणं ठरवा. कांड्या नेताना स्पीकर, मोटार किंवा लोहचुंबक असलेल्या पेटीत ठेवू नका. प्रत्येकीवर ठिकाणाचा क्रमांक आणि वर जाणारा बाण पुसणार नाही असा लिहा. वहीत कल, दिशा, वेळ आणि थराचा उतार या चारही नोंदी हव्यात. एक जरी राहिली तरी ती कांडी बाजूला ठेवावी लागते.